फटफटीचे पहिले पाचशे मैल : बिदर-कलबुर्गी सीमाभागातील एक विसरलेली शिस्त

खंडेनवमीच्या सकाळी बिदर, भालकी, हुमनाबाद किंवा आळंद ह्यांपैकी कोणत्याही गावातून फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास दिसते. देवळापुढील मोकळ्या जागेत मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकवाची बोटे, दिव्याच्या काचेवर स्वस्तिक, आणि पुढील चाकाखाली एक लिंबू. मराठी घरांत हिला खंडेनवमी म्हणतात, शेजारच्या कन्नड घरांत आयुधपूजा. विधी मात्र दोन्ही घरी बहुधा एकच. नारळ फुटतो, गाडी लिंबावरून हळूच पुढे सरकते, आणि घरातील वडीलधारी मंडळी मनातल्या मनात हात जोडतात. वाहन सुखरूप जावे आणि सुखरूप यावे, एवढीच त्या पूजेमागील प्रार्थना असते.

ह्या पूजेच्या जोडीला पूर्वी आणखी एक आचार होता. त्याला मंत्र नव्हता आणि मुहूर्तही नव्हता. तो सांगितलेला असे गाडीबरोबर मिळणाऱ्या लहानशा पुस्तिकेत. पहिले पाचशे मैल नवी गाडी सावकाश चालवावयाची, तिच्यावर जड ओझे घालावयाचे नाही, चढावर तिला रेटावयाचे नाही, आणि ठरल्या अंतरावर तिचे तेल बदलावयाचे. इंग्रजीतील ‘रनिंग-इन’ हा शब्द आपल्या मेकॅनिकांनी जसाच्या तसा उचलला. मराठीत आपण त्यास ‘गाडी रुळविणे’ म्हणू. ह्या आचाराचा इतिहास लांबलचक नाही. परंतु यंत्राची गरज कमी होताच आपण तो सोडून दिला, आणि त्याबरोबर माणसाला आपोआप मिळणारे एक शिक्षणही गमावून बसलो, असे मला वाटते. म्हणून तो सांगण्याजोगा आहे.

प्रथम रस्त्याचा विचार करू. कलबुर्गी आणि बिदर ही दोन्ही शहरे एके काळच्या राजधान्या. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहामनी राज्याची राजधानी प्रथम कलबुर्गीस होती. पंधराव्या शतकात अहमदशहाने राजधानी बिदरला नेली. ह्या दोन शहरांमधील सुमारे एकशे दहा किलोमीटरांच्या वाटेवर जमीनच बदलते. कलबुर्गीकडे तुरीची काळी माती. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की मडगार्डात गच्च बसून चाक फिरू देत नाही. बिदरकडे जांभ्याचे तांबडे पठार. उन्हाळ्यात त्याची बारीक धूळ हवेत तरंगत राहते. चैत्र-वैशाखात उष्णतेचा पारा चाळिशीच्या वर जातो. ज्या यंत्राला थंड ठेवण्यासाठी वाऱ्यावाचून दुसरे साधन नाही, त्याची परीक्षा पाहणारा हा प्रदेश आहे.

ह्याच प्रदेशात आपली तीर्थे आहेत. कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर श्रीनृसिंह सरस्वतींचे गाणगापूर. हुमनाबादजवळ श्रीमाणिकप्रभूंचे माणिकनगर. आणि बिदरला झरणी नरसिंहाचे भुयार, जेथे भाविक छातीइतक्या पाण्यातून चालत जाऊन दर्शन घेतात. गोवा आणि कोकणपट्टीतील दत्तभक्तांची पावलेही गाणगापुराकडे वळतात. मुंबई-मद्रास रेल्वेमार्ग १८७१ मध्ये पुरा झाला, आणि त्याचा लाभ कलबुर्गीस मिळाला. बिदरला मात्र आगगाडी आली ती विकाराबादच्या बाजूने. ह्या दोन जिल्ह्यांच्या ठाण्यांना थेट जोडणारा लोहमार्ग खुला झाला २९ ऑक्टोबर २०१७ रोजी! तोवर एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास सरळ जावयाचे तर रस्त्यानेच जावे लागे.

रस्त्यावर यंत्राचे राज्य सुरू झाले ते निजामी अमदानीत. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर एवढ्या सामग्रीवर सरकारी बससेवा उभी केली. हिंदुस्थानातील सरकारी मोटारवाहतुकीचा तो आरंभ मानला जातो. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. भालकीची लेक उदगीरला दिलेली, उदगीरचा मामा औरादला, अशा घरांच्या मधून एक नवी सीमा गेली. सोयरीक मात्र तुटली नाही. जेथे बस दिवसातून एकदोनदाच जाई तेथे सीमेपलीकडच्या नातलगाकडे जाऊन सायंकाळी परत येण्याचे साधन म्हणून मोटारसायकलीची किंमत वाढू लागली.

मोटारसायकलीचा जन्म जर्मनीतला. १८८५ मध्ये डाइम्लर आणि मायबाख ह्यांनी लाकडी चौकटीच्या दुचाकीवर पेट्रोलचे एंजिन बसविले. आपल्याकडे ती दीर्घकाळ साहेबाची, जमीनदाराची किंवा फौजेची वस्तू होती. खेड्यातील लोकांनी तिच्या आवाजावरून तिला ‘फटफटी’ हे नाव दिले. ती सामान्य पांढरपेशाच्या आवाक्यात येऊ लागली ती देशात कारखाने निघाल्यावर. १९५५ मध्ये मद्रासेत इंग्लंडच्या रॉयल एन्फील्डच्या सहकार्याने ‘बुलेट’ जुळविण्यास सुरुवात झाली. तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे भारतीय सैन्य. १९६० मध्ये म्हैसूर शहरी रुस्तुम व फारुख इराणी ह्यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर ‘आयडियल जावा’ स्थापिली आणि पुढल्याच वर्षी तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. नुकत्याच म्हैसूर राज्यात आलेल्या बिदर-कलबुर्गीच्या दृष्टीने ही आपल्याच राज्यात घडलेली गाडी होती.

ह्या दोन गाड्यांचे स्वभाव निराळे. बुलेटचे एंजिन चार टप्प्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक. जावाचे दोन टप्प्यांचे, टू-स्ट्रोक. त्या काळी बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. जावाची रचना नेमकी उलट. शिवाय जावाला ज्या पट्टीने किक मारावयाची, तीच पट्टी वळवून गिअर बदलावयाचा. एका गाडीवर शिकलेला माणूस दुसरीवर बसला, की संकटसमयी त्याचा पाय सवयीने ब्रेक समजून गिअर दाबी. आपल्या गाडीचे अंग ओळखल्याखेरीज वेग घेऊ नये, हा जुन्या जाणत्यांचा आग्रह अशा अनुभवांतून आलेला आहे.

आता रुळविण्याची गरज काय होती ते पाहू. एंजिनाचा सिलिंडर बिडाचा असे आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पिस्टनभोवती लोखंडी रिंगा. सिलिंडरचा आतील भाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर घासकामाच्या बारीक तिरप्या रेषा असतात. रिंगांची कडा त्या रेषांवर घासून घासून सिलिंडरच्या आकारात नेमकी बसावी लागते. ती बसली म्हणजे स्फोटाचा वायू खाली गळत नाही आणि खालचे तेल वर जळत नाही. परंतु हे घासणे चालू असता नेहमीपेक्षा अधिक उष्णता निर्माण होते. ॲल्युमिनियम तापले म्हणजे बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मग पिस्टन आणि सिलिंडर ह्यांमधील केसाएवढी फट बुजते, तेलाचा पातळ थर तुटतो, आणि धातू धातूला धरतो. ह्यालाच एंजिन ‘जाम होणे’ म्हणतात.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नसे. बिदर आणि लातूरच्या शिवारात देवणी जातीची जनावरे प्रसिद्ध आहेत. नवा गोऱ्हा कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपून दिवसभर राबवीत नाही. प्रथम त्याच्या मानेला जू दाखवायचे, मग मोकळी गाडी ओढावयास लावायची, आणि मानेला घट्टा पडला म्हणजे ओझे वाढवायचे. बसवून ठेवले तरी तो शिकत नाही, आणि एकदम दामटला तरी बिघडतो. नव्या यंत्राचेही तसेच. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांना पहिल्या पाचशे मैलांत ताशी तीस मैलांच्या आसपास राहण्याची सर्वसाधारण सूचना असे. मात्र मुंगीच्या पावलांनी एकाच गतीने तासन् तास चालविणे हेही चूकच. वेग थोडा वाढवावा, थोडा उतरवावा, म्हणजे रिंगांवरचा दाब बदलत राहून त्या नीट बसतात. वरच्या गिअरमध्ये एंजिन धापा टाकू लागले तर वेळीच खालचा गिअर घ्यावा. दर वीसपंचवीस मैलांवर गाडी सावलीत उभी करून थंड होऊ द्यावी.

टू-स्ट्रोक गाडीत आणखी एक बारकावा होता. त्या एंजिनाला वंगणाची निराळी सोय नसे; टाकीतील पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे, आणि नव्या गाडीला त्याचे प्रमाण थोडे अधिक ठेवीत. पेट्रोलबरोबर जेवढे तेल आत जाईल तेवढेच पिस्टनला मिळावयाचे. बिदरच्या पठारावरून गाडी लांब उतारावर लागली आणि चालविणाऱ्याने थ्रॉटल पूर्ण मिटून तिला गिअरमध्येच धावू दिले, तर चाके एंजिनाला फिरवीत राहतात. पण पेट्रोल जात नाही म्हणून तेलही जात नाही. तापलेले एंजिन अशा वेळी जाम होई, आणि त्याबरोबर मागील चाक जागच्या जागी आवळले जाऊन गाडी घसरे. म्हणून जाणकार सांगत की, उतारावर अधूनमधून थ्रॉटल किंचित उघडावा आणि डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवावीत. एंजिनाचा आवाज बदलला, ओढ कमी वाटली, की त्याच क्षणी क्लच दाबावा. चाक मोकळे होते आणि प्राण वाचतात.

म्हणजे गाडी जपण्याचा नियम आणि जीव जपण्याचा नियम हे तेव्हा एकच होते. यंत्रच माणसाला धीर धरावयास लावी. पाचशे मैल सावकाश जाताना त्याला गाडीचा आवाज ओळखू येई, ब्रेक किती अंतरावर लागतो ते कळे, कोणत्या वळणावर खडी पसरलेली असते, कोणत्या ओढ्यापाशी काळी माती रस्त्यावर येते, हे अंगवळणी पडे. पहिला सर्व्हिसिंगचा दिवस येईतो गाडीबरोबर तोही रुळलेला असे. ही गोष्ट कोणी मुद्दाम योजिलेली नव्हती. धातूच्या उणिवेतून ती आपोआप साधली होती.

पुढे काळ पालटला. १९८४ मध्ये जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने हीरो होंडा स्थापन झाली आणि १९८५ मध्ये तिची शंभर सी.सी.ची फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली. पेट्रोलमध्ये तेल मिसळावयाची कटकट नाही, आवाज सौम्य, खर्च कमी. शेतकरी, शिक्षक, दूधवाला, सर्वांनी तिला जवळ केले. म्हैसूरच्या कारखान्यातील गाड्या पुढे ‘येझदी’ ह्या नावाने निघत होत्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसतशा टू-स्ट्रोक मोटारसायकली दुकानांतून नाहीशा झाल्या. जावा आणि येझदी ही नावे अनुक्रमे २०१८ आणि २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आली, ती फोर-स्ट्रोक एंजिन घेऊनच.

आजच्या एंजिनातील पिस्टन आणि सिलिंडर ह्यांचे माप पूर्वीपेक्षा पुष्कळ काटेकोर असते, धातू चांगला असतो, तेल उत्तम असते. पुस्तिकेत पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरांसाठी सूचना आजही छापलेल्या असतात, आणि पहिले तेल वेळेवर बदलणे आजही अगत्याचे आहे. कारण घासलेल्या धातूचा कीस त्या पहिल्या तेलातच उतरतो. परंतु सूचना न पाळणाऱ्याला यंत्र आता लगेच शिक्षा करीत नाही. दुकानातून बाहेर पडलेला तरुण पहिल्याच दिवशी ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने जातो आणि एंजिन ते मुकाट्याने सोसते. शिक्षा होते ती निराळ्या ठिकाणी. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे शेकडा ४४ दुचाकीवरील होती. हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती, आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली माणसे होती.

ह्या आकड्यांमागे आपल्या परिचयाची घरे आहेत. पौर्णिमेला गाणगापूरला निघालेला मुलगा, मागे बसलेली आई, मध्ये लहान मूल. असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. घरून निघताना देवापुढे दिवा लागतो, आणि हेल्मेट खुंटीवरच राहते. डोक्यावर हेल्मेट असले तर मृत्यूचा आणि मेंदूस इजा होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कर्नाटकात २०१६ पासून मागे बसणाऱ्यासही हेल्मेट सक्तीचे आहे. २०१९ मध्ये कलबुर्गीच्या पोलिसांनी हेल्मेट नसणाऱ्यास पेट्रोल न देण्याचाही उपाय योजला होता. पण पेट्रोलपंपापुरते दुसऱ्याचे हेल्मेट मागून घेणाऱ्याला कोणता कायदा वाचविणार?

तेव्हा यंत्राने सोडलेली शिस्त आता माणसाने स्वतःहून धरली पाहिजे. नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर हे एंजिनाचे नव्हे, आपले शिक्षण आहे असे मानावे. त्याला कारणेही आहेत. नव्या टायरची कातडी तुळतुळीत असते. शेदीडशे किलोमीटर चालून ती खरबरीत होईतो वळणावर गाडी फार झुकवू नये. ब्रेकही आरंभी पुरते बसलेले नसतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर हलक्या वेगात पुन्हा पुन्हा ब्रेक लावून पाहावा. पुढचा ब्रेक अधिक काम करतो हे हाताला शिकवावे, आणि वाळूवर किंवा ओल्या मातीवर तो हिसक्याने दाबू नये हेही शिकवावे. साखळी सैल पडते, नटबोल्ट ढिले होतात. ते पहिल्या सर्व्हिसिंगला आवळून घ्यावेत. हात बसेपर्यंत मागे कोणास बसवू नये, मग ओझे हळूहळू वाढवावे.

वेगाचा हिशोबही एकदा मनाशी करावा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर कापते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईतो एवढे अंतर सरलेले असते. वेग दुप्पट केला तर हे अंतर दुप्पट होते. पण ब्रेक लागल्यावर थांबावयास लागणारे अंतर चौपट होते. बिदर-भालकीच्या पट्ट्यात गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्याने चालतात, आणि पुष्कळांना मागे दिवा नसतो. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग रात्री असावा. शक्य तर रात्रीचा प्रवास टाळावा.

पूजेसंबंधीही दोन शब्द. हँडलला बांधलेली माळ देवळापाशीच सोडून ठेवावी; तिचा दोरा चाकात किंवा ब्रेकच्या तारेत अडकू शकतो. दिव्याच्या काचेवरील हळदकुंकू पुसून मगच रस्त्यास लागावे. मागे बसणाऱ्या स्त्रीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून असलेले साडीगार्ड काढून टाकू नये. ते कायद्याने आवश्यक आहे. गोव्यातील वाचकांना पिवळ्या मडगार्डचा मोटारसायकल-पायलट परिचित आहे. त्याचे पोट गाडीवर आहे, म्हणून तो तिचे आवाज कान देऊन ऐकतो. आपण पोटासाठी नाही तरी घरी वाट पाहणाऱ्यांसाठी तेवढे करावे.

पूजा आणि ही शिस्त ह्यांत विरोध आहे असे मला वाटत नाही. खंडेनवमीला आपण हत्यार पुजतो ते त्याचे सामर्थ्य आठवून. आणि ज्याचे सामर्थ्य आठवले त्याला निष्काळजीपणे हाताळू नये, हे ओघानेच आले. लिंबावरून गाडी नेताना कोणी भरधाव नेत नाही. क्लच हळूच सोडतो, पुढे-मागे पाहतो, आजूबाजूची मुले दूर करतो, आणि मगच चाक फिरवितो. त्या दोन हातांच्या अंतरात जी सावधगिरी असते, ती गाणगापुरापर्यंत आणि तेथून घरी परत येईपर्यंत टिकली पाहिजे.